नोकरी, नवं घर आणि कुत्रा : शिफ्टिंगची सुट्टी नेमकी कधी घ्यायची

कुत्रा असलेल्या घरात शिफ्टिंग ठरलं की सगळी तयारी टेम्पोच्या दिवसाभोवती होते. त्या दिवसाची रजा टाकली जाते, पॅकर्सची वेळ ठरते, कुत्र्याला कुणाकडे तरी सोडायचं बघितलं जातं. तो दिवस बहुतेक वेळा धडपणे पार पडतो. घोळ होतो पुढच्या सोमवारी. अनोळखी फ्लॅटमध्ये कुत्र्याला ठेवून घरातले दोघंही नवाला बाहेर पडतात, सव्वानवाला भुंकणं सुरू होतं, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या भाडेकरूची ओळख तक्रारीनेच झालेली असते.

त्यामुळे हातात पाच दिवसांची रजा असेल तर टेम्पोसाठी त्यातला एकच दिवस खर्च करा आणि चार दिवस नंतरसाठी राखा. शिफ्टिंग शुक्रवारी ठेवलं आणि सोमवार ते गुरुवार रजा घेतली, तर शनिवार-रविवार धरून सलग सहा दिवस मिळतात. त्यात काय करायचं ते पुढे सविस्तर आहे, कारण खरं काम तेच आहे.

घर बघताना

कुत्र्याला दोन बेडरूमचं कौतुक नसतं. ऑफिसपासून वीस मिनिटांवरचा वन बीएचके आणि दीड तासावरचा टू बीएचके यांत निवड असेल तर पहिला घ्या. कुत्र्याचं एकटं राहणं रोज दोन तासांहून जास्त कमी होतं. धडधाकट मोठा कुत्रा सलग सहा तास एकटा राहू शकतो, फार तर आठ. नऊ तासांचं ऑफिस आणि वर जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास म्हणजे बारा तास, आणि तेवढा वेळ लघवी धरून बसायला लावणं चूकच. पिल्लांसाठी ढोबळ हिशेब असा : वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू चार तास. घर बदलायचं पक्कं असेल तर पुढेमागे तीन महिने तरी नवं पिल्लू आणू नका.

घर दिवसा बघितलंत तरी गल्ली रात्री दहाला पुन्हा बघा. भटके कुत्रे किती आहेत, कुठल्या कोपऱ्यावर बसतात, अंगावर धावतात की नुसतं बघतात, हे त्या वेळी कळतं. कानाच्या टोकाला छोटी खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. रोज त्यांना खायला घालणारं कुणी ना कुणी असतं. त्यांच्याशी आधीच ओळख करून घ्या. कुठला कुत्रा आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

फ्लॅटमध्ये तीन गोष्टी तपासा. पहिली गॅलरी. रेलिंगच्या दोन गजांमधून कुत्र्याचं डोकं जात असेल तर सगळा कुत्रा जाऊ शकतो. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी त्याला अडवत नाही, ती चावून तुटते. तीन फूट उंचीची वेल्डेड जाळी आतल्या बाजूने केबल टायने बांधा. घर सोडताना ती काढूनही नेता येते. दुसरी फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर वयस्क कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि तो उठायचंच टाळतो. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंजी किंवा रबरी मॅटची सलग पट्टी हवी. तिसरी ऊन. पश्चिमेचा हॉल किंवा वरचा मजला असेल तर मे महिन्यात दुपारी लाइट गेल्यावर बंद घराची भट्टी होते. दिवसा कुत्रा राहील त्या खोलीचा पंखा इन्व्हर्टरवर आहे का, ते विचारा.

करार आणि सोसायटी

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरण्यासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. पण घर कुणाला द्यायचं हे मालकच ठरवतो. ‘कुत्रा आहे, चालेल ना?’ ‘हो हो, चालेल की’ एवढ्या संवादावर डिपॉझिट देऊ नका. लिव्ह अँड लायसन्स करारात एक ओळ घालून घ्या : परवानाधारकासोबत एक पाळीव कुत्रा राहील आणि त्यास मालकाची संमती आहे. मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी झाल्यावर ही ओळ घालणं म्हणजे नवा खर्च आणि नव्या विनवण्या.

चावी मिळाली की सामान यायच्या आधी दारांच्या चौकटी, स्कर्टिंग, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या आणि फरशीचे फोटो काढून मालकाला पाठवा. डिपॉझिटमधून कापाकापी होते ती नेमकी याच चार गोष्टींवरून.

कायदा तुमच्या बाजूला असला तरी सोसायटीत पहिल्या दिवशी कलमं काढू नका. सेक्रेटरींना एक पानी अर्ज द्या. सोबत रेबीज लसीचं प्रमाणपत्र आणि महापालिकेचा श्वान परवाना जोडा. परवाना त्या-त्या महापालिकेपुरता असतो. कोथरूडहून वाकडला गेलात तर पुणे महापालिकेचा परवाना पिंपरी-चिंचवडमध्ये चालत नाही, तसंच मुंबईहून ठाण्याला जाताना. वर, खाली आणि शेजारी राहणाऱ्या घरांना आपला नंबर स्वतःहून द्या आणि सांगा, ‘पहिले काही दिवस आवाज झाला तर ग्रुपवर टाकण्याआधी मला फोन करा.’ हे एक वाक्य कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आधीचा दीड महिना

कुत्रा जुन्या घरातच एकटा राहू शकत नसेल, तर नव्या घरात तो चमत्काराने शिकणार नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास जुन्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून बघा. थोडा वेळ दाराशी बसून मग झोपला तर ठीक. येरझाऱ्या, सतत लाळ, दाराची चौकट ओरबाडणं, एका सुरात रडणं दिसलं तर काम आधी करायचं आहे. आणखी एक खूण हमखास कळते. जाताना ठेवलेला आवडता खाऊ तसाच पडून असतो आणि तुम्ही परत आल्या आल्या तो त्यावर तुटून पडतो. याचा अर्थ तो रुसला होता असा नाही. भीतीने त्याला खाताच येत नव्हतं.

असं असेल तर आत्ताच डॉक्टरांना दाखवा. चिंतेवर रोज द्यायची औषधं लागू पडायला चार ते सहा आठवडे घेतात, त्यामुळे शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी गोळी मागून काही होत नाही. नुसत्या त्या दिवसापुरतं औषध दिलं तर त्याची चाचणी आधी एकदा सुट्टीच्या दिवशी घरात घ्या. काही कुत्रे गोळीने शांत होण्याऐवजी जास्त अस्वस्थ होतात. डॉक्टरांकडून जुनी फाइल, लसींच्या नोंदी आणि चालू औषधांचा महिन्याचा साठा घ्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणात जात असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस ताजी आहे ना, ते बघा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो रोग होतो आणि माणसांनाही होतो. गोचिडांवरचं औषधही निघायच्या आधी द्या.

खोकी दोन आठवडे आधीपासून घरात येऊ द्या, रोज दोन-चार भरा. एका दिवसात सगळं घर खोक्यांनी भरलं की कुत्रा बिथरतो. त्याचा कोपरा सगळ्यात शेवटी आवरा, आणि त्याचं अंथरूण या काळात मुळीच धुऊ नका. मळकं, वासट अंथरूण हीच नव्या घरातली त्याची ओळखीची वस्तू असणार आहे.

कपाटं रिकामी करताना एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा : डांबराच्या गोळ्या. साड्यांच्या घड्यांतून, स्वेटरच्या खिशातून त्या घरंगळतात आणि एखादी गोळी गिळली तरी लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. शंका आली तरी थांबू नका, मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, गोळीचं पाकीट घेऊन सरळ दवाखान्यात जा. नव्या घरातही हीच नजर ठेवा. रिकाम्या फ्लॅटमध्ये सिंकखाली, फ्रिजच्या मागच्या जागेत किंवा माळ्यावर उंदराचं औषध ठेवलेलं असतं. पेस्ट कंट्रोल करायचं तर कुत्रा यायच्या निदान दोन दिवस आधी करा, आणि फरशी साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या.

नवं घर त्याच गावात असेल तर चावी मिळाल्यावर त्याला दोन-तीनदा तिथे न्या. रिकाम्या घरात निवांत हुंगू द्या, जेवण तिथेच घाला आणि परत आणा.

टेम्पोचा दिवस

कुत्र्याला दिवसभर दुसऱ्या ओळखीच्या घरी ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. नाही तर एक खोली पहाटेच रिकामी करून त्यात अंथरूण, पाणी आणि कुत्रा ठेवा, आणि दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवा : ‘आत कुत्रा आहे. दार उघडू नका.’ हमालांना तोंडी सांगणं पुरत नाही, कारण दुपारी माणसं बदलतात. कुत्रे पळतात ते याच दिवशी, सहा तास सताड उघड्या राहिलेल्या मुख्य दारातून. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेली पट्टी आज हवीच. कातडीखाली बसवायची मायक्रोचिप चांगलीच, पण ती वाचायला स्कॅनर लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाचता येते ती पट्टी.

सामान उतरून एक खोली लागली की मगच कुत्रा आत आणा. टेम्पोच्या मागे सामानात त्याला कधीही बसवू नका. कारमध्ये मागच्या सीटवर, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवलेल्या बेल्टने बांधा. गळपट्ट्याला बांधलं तर जोराच्या ब्रेकला मानेला हिसका बसतो. निघण्याआधी चार-पाच तास जेवण नको, पाणी चालेल. घाट असेल तर उलटी गृहीत धरून जुनी चादर घाला, दर दोन तासांनी थांबा. चहाला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असताना आत दहा मिनिटांत ४० होतात.

रेल्वेने नागपूरला वगैरे जायचं असेल, तर कुत्रा सोबत बसतो तो फक्त एसी फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणून दुसरी सोय तयार ठेवा. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर आणि चेअर कारमध्ये कुत्र्याला परवानगी नाही. ब्रेक व्हॅनच्या पेटीतून पाठवता येतं, पण एप्रिल-मे मध्ये तो विचार सोडून द्या. बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. लसीचं आणि तब्येतीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. विमान कंपन्यांचे नियम आणि वजनमर्यादा वेगवेगळ्या, काही तर प्राणी घेतच नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी रस्ताच बरा, तोही रात्रीचा, एसी गाडीने.

पहिले सहा दिवस

शनिवारी एकच खोली खुली ठेवा, त्यातच तुम्हीही बसा. रविवारी उरलेलं घर पट्टा लावून दाखवा. जेवण जुनंच, वेळा जुन्याच. नव्या ब्रँडचा प्रयोग आत्ता नको. ताणामुळे दोन-तीन दिवस पातळ शी होऊ शकते. मऊ भात, उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि भरपूर पाणी एवढ्यावर ती सहसा थांबते. रक्त दिसलं, उलट्याही होत असल्या किंवा कुत्रा मलूल पडला तर वाट बघू नका.

एकटं ठेवायचा सराव रविवारपासूनच सुरू करा. घरून काम करणाऱ्यांची फसगत इथे होते. आठवडाभर ते त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसतात, कुत्रा शांत असतो, आणि मग एकदम नऊ तास गायब होतात. सराव झालेलाच नसतो.

पहिल्या फेरीत दार ओढून तीस सेकंदांनी परत या. मग दोन मिनिटं, एक मिनिट, पाच, तीन, आठ. वेळ सरळ चढत ठेवू नका, कमी-जास्त करा. नाहीतर दर वेळी आणखी उशीर होणार एवढंच तो शिकतो. दाराबाहेर लपून उभं राहण्यात अर्थ नाही, त्याला तुमचा वास येतो. बूट घाला, ऑफिसची बॅग घ्या, लिफ्टने खाली जा आणि लिफ्टनेच वर या. नव्या इमारतीत लिफ्टचा आवाज, तुमची पावलं आणि किल्लीचा खुळखुळाट या क्रमाने माणूस परत येतं, हे त्याला कळू द्या. जाताना लाडीगोडी नको, आल्यावर जल्लोष नको. भुंकणं चालू असताना परत यायची वेळ आली तर फेरी जास्त लांबली होती; पुढची निम्मी करा.

सोमवारपर्यंत वीस मिनिटं, मंगळवारी चाळीस, बुधवारी दीड तास, गुरुवारी तीन तास, इतपत मजल मारता आली तर शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस जमतं. मजल गाठली नाही तर वेळापत्रकापायी घाई करू नका. सराव अर्धवट असताना कुत्रा चार तास किंचाळत राहिला तर आठवड्याची कमाई एका दुपारी जाते. डेकेअर, बोर्डिंग किंवा एखादी ओळखीची मावशी यांची सोय या काळासाठी आधीच बोलून ठेवा.

बाहेर फिरवताना पहिले चार दिवस एकच छोटा रस्ता धरा. लिफ्टमध्ये कुत्रा आधी, तुम्ही नंतर. दोरी आखूड, हात गळपट्ट्यावर किंवा हार्नेसवर, आणि दार लागेपर्यंत नजर त्याच्यावर. दोरीचं टोक दारात अडकून लिफ्ट सुटली तर फास बसतो. फोन खिशात ठेवा.

रोजची घडी

सव्वासहाला चाळीस मिनिटांचं फिरणं, त्यात निम्मा वेळ नुसतं हुंगू द्यायचं. ताडताड चालवण्यापेक्षा हुंगण्याने डोकं जास्त दमतं आणि दमलेला कुत्रा झोपतो. परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जेवण. पंधरा किलोच्या प्रौढ देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात, म्हणजे १०० ग्रॅमला ३५०-३८० कॅलरी असलेलं कोरडं खाणं २१० ते २३० ग्रॅम. त्यातलं ५० ग्रॅम बाजूला काढून, भिजवून रबरी पोकळ खेळण्यात दाबून भरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दाराबाहेर पडताना ते द्या, अर्धा तास निघतो. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा राहत नाही, त्यात प्रथिनं फार कमी पडतात आणि अनेकांना दूध पचतही नाही. पाणी किलोमागे रोज ५०-६० मिली, म्हणजे या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर. दोन जड भांड्यांत, दोन ठिकाणी, एक उलथलं तर दुसरं असावं म्हणून.

दुपारी एक-दीडला कुणीतरी यायलाच हवं. वॉकर असो वा शेजारच्या इमारतीतले निवृत्त काका, पंचवीस मिनिटं पुरतात. त्यांना किल्ली देण्याआधी दोन-तीनदा तुमच्यासोबत फिरवू द्या, आणि दोरी कुठली, कुठल्या गल्लीत जायचं नाही, डॉक्टरांचा नंबर काय, हे लिहून फ्रिजवर लावा. उन्हाळ्यात दुपारची फेरी फक्त सावलीत शी-शूपुरती. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नाही. अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा ठरतो. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजराही, फक्त रात्रीसाठी आणि प्रवासासाठी. त्यात नऊ तास कोंडू नका.

तरीही बिनसलं तर

घरात लघवी करू लागला तर आधी तिथला जुना वास शोधा. मागच्या भाडेकरूचा कुत्रा असेल तर खुणा राहिलेल्या असतात. फिनाईलने वास झाकला जातो, जात नाही. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा.

कुत्रा हरवला आणि जुनं घर चार-पाच किलोमीटरच्या आत असेल, तर एका माणसाने लगेच तिकडे जायचं आणि जुन्या वॉचमनला फोन करायचा. दिसला तर मागे धावू नका, खाली बसा आणि उलट्या दिशेला तोंड करून हाक मारा. नव्या घराच्या गेटपाशी त्याचं न धुतलेलं अंथरूण ठेवा.

चार आठवड्यांनंतरही तो खाऊ शिवत नसेल, दारापाशी लाळेचं थारोळं सापडत असेल किंवा नखं रक्ताळलेली दिसत असतील, तर डॉक्टरांना मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दाखवा. नुसत्या वर्णनापेक्षा दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून त्यांना जास्त कळतं. नव्या भागात डॉक्टर सापडत नसेल तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून असलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, नागपूरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध सुरू झालं तरी लागू पडेपर्यंतचे चार-सहा आठवडे त्याला एकटं ठेवायची वेळ सरावात जमते तेवढीच ठेवा. वरचे तास डेकेअर, मावशी आणि आळीपाळीने घरून काम यांत वाटून घ्या.